‘नातिचरामि’चा विसर : मूकपटांनी शिकवलेला संसार

(दवनीवाडा, जिल्हा गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. बांधीतले धान कापणीला आलेले असते किंवा खळ्यावर पोचलेले असते, हातात चार पैसे येण्याची आशा असते आणि गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. या नाटकांच्या जाहिराती वाचीत गेले तर कुंकू, सौभाग्य, सवत, संसार हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. कथानकही बहुधा परिचयाचे असते. नवरा मुळात भला, पण बाईच्या किंवा बाटलीच्या नादी लागतो, बायको सोसते, अखेरच्या अंकात नवरा परत येतो आणि बायको त्याच्या पायांवर डोके ठेवते. प्रेक्षकांतल्या स्त्रिया पदराने डोळे पुसतात. त्याला हसण्याचे कारण नाही. ते अश्रू खरे असतात. विचार करायचा तो एवढाच की, अपराध त्याचा असताना डोके तिने का ठेवावे, आणि हा शेवट लोकांना इतका स्वाभाविक कसा वाटू लागला.

या शेवटाचे मूळ केवळ झाडीपट्टीच्या मातीत शोधून भागणार नाही. पुराणे, कीर्तने आणि संगीत नाटके यांनी त्याची सामग्री जमवली होती. परंतु अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत, एकाच रूपात आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पोचवण्याचे काम केले मूकपटाने. १९१३ ते १९३१ या काळात हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट निघाले. आज त्यांतले मोजकेच, तेही बरेचसे तुकड्यांच्या स्वरूपात, शिल्लक आहेत. पण चित्रपट नष्ट झाले तरी त्यांनी घातलेले वळण नष्ट झाले नाही.

मूकपटाला वाणी नव्हती, म्हणून सद्गुण डोळ्यांना दिसावा लागे. पतिव्रता कोण आणि कुलटा कोण हे पहिल्या क्षणी कळावे लागे. मग एकीच्या डोक्यावरून पदर, हातात पूजेचे ताट, नजर जमिनीकडे; दुसरीच्या हातात पेला, अंगावर दागिने, नजर सरळ समोर. सरळ समोर पाहणे हाच स्त्रीचा पहिला अपराध ठरला. मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरे येत. ती लिहिणारे पुरुष असत आणि थिएटरात ती मोठ्याने वाचून दाखवणाराही बहुधा पुरुषच असे. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत, शब्द मात्र दुसऱ्याचे. पुढे बोलपट आला, पण ही व्यवस्था लगेच बदलली असे म्हणता येत नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. हिंदुस्थानी चित्रपटाची सुरुवात सत्यवचनी राजाच्या कथेने झाली, याचा अभिमान वारंवार व्यक्त केला जातो. ही कथा तारामतीच्या बाजूने वाचली तर काय दिसते? राजा ऋषीला शब्द देतो. तो पाळण्यासाठी राज्य जाते, ते राजाचे होते म्हणून गेले. मग दक्षिणा उरते आणि ती फेडण्यासाठी बायको व मुलगा विकले जातात. तेही राजाचेच होते म्हणून विकले गेले. अखेरीस त्याच बायकोच्या मानेवर तलवार उगारण्याचा प्रसंग येतो, तोही कर्तव्य म्हणून. देव प्रकट होतात आणि सारे गोड होते. परंतु विवाहाच्या वेळी राजाने आणखी एक वचन दिले असणार, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. वैदिक पद्धतीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी वर म्हणतो, ‘नातिचरामि’: धर्म, अर्थ आणि काम यांत हिला सोडून मर्यादा ओलांडणार नाही. तीनदा म्हणतो. सबंध विधीत पुरुषाकडून स्पष्ट मागून घेतलेले वचन ते हेच. ऋषीला दिलेला शब्द मोडला तर राजा असत्यवचनी ठरतो; पत्नीला दिलेल्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न कथेला सुचत नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्त्रीपुरुषसंबंधांची नीती दोनच गोष्टींवर तोलली होती : बळजबरी नको आणि वचनभंग नको. या कसोटीवर घासले तर आपल्याकडील पुष्कळशी पवित्र कथानके अडचणीत येतील. कसोटी उच्छृंखल आहे म्हणून नव्हे, ती दोघांना सारखीच लावायची आहे म्हणून.

हे झाले पडद्यावरचे. पडद्यामागे काय होते? ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम करायला स्त्री मिळेना. फाळके वेश्यावस्तीतही जाऊन आले आणि तेथूनही नकार घेऊन परतले. शेवटी उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण तारामती झाला. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पती आणि पत्नी यांना एकच माप लागल्याचे मूकपटाच्या इतिहासातील हे बहुधा एकमेव उदाहरण असावे!

१९१३ मध्येच निघालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र स्त्रिया पडद्यावर आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या आणि मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत पोट भरत होत्या. म्हणजे हिंदी पडद्यावरची पहिली पार्वती, पतीसाठी तप करणारी आदर्श पत्नी, ही संसार सोडून बाहेर पडलेल्या एका बाईने उभी केली. समाजाने तिला नावे ठेवली आणि तिने साकारलेल्या पार्वतीला हात जोडले. हा विरोधाभास त्या काळच्या प्रेक्षकाला टोचला नाही. आजच्यालाही फारसा टोचतो असे नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर सतीसावित्रीची कामे करणाऱ्या अभिनेत्रींकडे गावातली माणसे कोणत्या नजरेने पाहतात, हे येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

आणखी एक पत्नी सांगण्यासारखी आहे, कारण ती कोणत्याच चित्रपटात नाही. फाळक्यांनी चित्रपट काढायचे ठरवले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडणे, ती धुणे, आणि शिवाय कंपनीतल्या सर्व माणसांचा स्वयंपाक करणे, ही कामे त्यांनी केली. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१४ चा ‘सत्यवान सावित्री’ ज्या घरात जन्मले, त्या घरातला खरा संसार असा दोघांच्या श्रमांवर चाललेला होता. पडद्यावर मात्र त्या संसाराची नव्हे, यमाच्या मागे चालणाऱ्या सावित्रीची प्रतिष्ठा झाली. श्रम करणारी पत्नी ही चित्रपटाला गोष्ट वाटली नाही.

आता ही पातिव्रत्याची कल्पना कोणाची होती, ते पाहिले पाहिजे. दवनीवाडा त्या काळी मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. या भागातल्या कष्टकरी जातींत आणि आदिवासींत पाट लावण्याची व फारकतीची चाल जुनी आहे. पंचांसमोर काडी मोडायची, देणेघेणे मिटवायचे आणि दोघांनी आपापल्या वाटेने जायचे. या चालीत सर्व काही न्यायाचे होते असे नाही. पंच पुरुषच असत आणि दंड बहुधा बाईच्या माहेरावर बसे. तरीही नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडलेल्या बाईला दुसरा संसार मांडण्याची वाट होती. चिता, केशवपन आणि आजन्म झुरणे ही त्या घरांची परंपरा नव्हती. जमीनजुमला असलेल्या आणि वारसाची शुद्धता ज्यांना सांभाळायची होती अशा वरच्या थरांचा जो आचार, तो पडद्यावरून सर्वांचा धर्म म्हणून दाखवला गेला. रोवणीच्या चिखलात दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने वाकलेली बाई संध्याकाळी पाहते तो काय, आदर्श स्त्री पूजेचे ताट घेऊन दारात उभी आहे! पाट लावलेल्या बाईला आपली लाज वाटू लागते, ती येथून.

कायदाही याच बाजूला उभा होता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ अन्वये व्यभिचाराचा गुन्हा घडे तो परक्या पुरुषाकडून, आणि फिर्याद करायचा हक्क असे फक्त त्या स्त्रीच्या नवऱ्याला. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हे. बाहेरख्याली नवऱ्याविरुद्ध बायकोने जावे कोठे, याला त्या कलमात उत्तर नव्हते. शेतात शिरलेल्या परक्या बैलाबद्दल शेताचा मालक तक्रार करतो, शेताला तक्रार नसते. तसाच हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. शिवाय हिंदू पुरुषाला एकीहून अधिक बायका करण्यास मुंबई इलाख्यात १९४६ पर्यंत आणि मध्यप्रांतासह उरलेल्या बहुतेक भागांत १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत मुभा होती. ज्याला दुसरी बायको राजरोस घरात आणता येते, त्याच्या प्रतारणेचे नाटक होणार तरी कसे? म्हणून त्या काळच्या कथेत नवरा प्रतारणा करत नाही, तो ‘बहकतो’. बहकलेले जनावर आणि बहकलेला नवरा, दोघांनाही दोष नसतो. दावे कोणी सैल सोडले, एवढेच पाहायचे.

दावे बायकोने सैल सोडले, असे साफ सांगणारा चित्रपट १९२७ मध्ये आला. चंदुलाल शहा यांचा ‘गुणसुंदरी’. इंग्रजी जाहिरातीत त्याचे नाव होते ‘व्हाय हजबंड्स गो अॅस्ट्रे’, म्हणजे ‘नवरे का बहकतात’. मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही, पण त्याची कथा प्रसिद्ध आहे आणि पुढे ती बोलपटांतूनही आली. गृहिणी दिवसभर घरासाठी राबते. नवरा घरी येतो तेव्हा ती दमलेली असते आणि घरच्या अडचणी त्याच्या कानावर घालते. तो कंटाळतो आणि नर्तकीकडे जाऊ लागतो. मग बायको शहाणी होते. नुसते कर्तव्य पुरेसे नाही, नवऱ्याची मैत्रीण झाले पाहिजे, हे तिला उमगते. ती नटते, बाहेर पडते आणि नवरा परत मिळवते.

या चित्रपटाला त्या काळी आधुनिक म्हटले गेले आणि एका अर्थाने तो तसा होताही. पत्नी ही दासी नसून सहचरी असावी, हा विचार त्यात होता. पुराणातून निघून तो सध्याच्या घरात शिरला होता. सोसत राहा असा उपदेश त्याने केला नाही. एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु प्रश्न ‘नवरे का बहकतात’ असा आणि उत्तर द्यायचे बायकोने! राबणे हा तिचा गुण होता, तोच आता दोष झाला. राबायचे तर आहेच, त्यावर आता हसतमुखही राहायचे. नवऱ्याने कामाचा वाटा उचलला असता तर संध्याकाळी ती दमली नसती, ही साधी त्रैराशिकातली गोष्ट कथेच्या ध्यानी आली नाही.

अमेरिकेत सेसिल डी मिल यांनी थोडे आधी याच विषयावर दोन चित्रपट काढले होते. १९२० च्या ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’मध्ये रटाळ बायको नटून थटून नवरा परत मिळवते. म्हणजे ‘गुणसुंदरी’चीच बहीण. पण त्याआधी, १९१९ मध्ये, ‘डोन्ट चेंज युवर हजबंड’ आला होता. त्यात नवरा गबाळा आहे, कांदा खातो, बायकोकडे लक्ष देत नाही. ती त्याला घटस्फोट देऊन दुसरे लग्न करते. नवरा सुधारतो, नीटनेटका होतो, तेव्हा ती परत येते. दोन्ही चित्रपट श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले आणि रेशमी पोशाख दाखवण्याच्या हौसेने भरलेले. तरी बाजाराच्या हिशेबाने का होईना, तेथे एकदा बायकोला आणि एकदा नवऱ्याला सुधारावे लागले. ‘गुणसुंदरी’ने त्यातली एकच बाजू उचलली. कांदाभाकर खाणाऱ्या नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला सुधारावे, हे दृश्य हिंदी पडद्याला पुढे कित्येक वर्षे झेपले नाही.

ग्रिफिथ यांच्या १९२० च्या ‘वे डाउन ईस्ट’चेही स्मरण ठेवण्यासारखे आहे. खोट्या लग्नाने फसवलेली एक गरीब मुलगी, तिचे मूल दगावलेले, एका शेतकरी कुटुंबात मोलाने राहते. भूतकाळ उघडा पडताच घरधनी तिला बर्फाच्या वादळात घालवून देतो. जाण्याआधी ती त्याच घरात मानाने बसलेल्या पाहुण्याकडे बोट दाखवते : फसवणारा हा. तिचा अपराध सर्वांनी शोधला होता. पुरुष कोण, हे कोणी विचारले नव्हते. पुढची गोष्ट गोड शेवटाकडे जाते, पण ते बोट विसरता येत नाही.

ते बोट आपल्याकडे फार आधी उचलले गेले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक चालवली, तेव्हा ताराबाईंनी उलट विचारले की हे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, आणि नवऱ्याला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागायला नको काय. जोतीराव फुले यांनी तर एका पुरुषाने दोन-तीन बायका कराव्या तसे बायकोने दोन-तीन नवरे केले तर चालेल काय, असे थेट विचारले होते. वऱ्हाडातली एक बाई पहिल्या चित्रपटाच्या एकतीस वर्षे आधी ज्या ठिकाणी पोचली होती, तेथे शेकडो मूकपटांना पोचता आले नाही. परदेशी चित्रपटांतील गोऱ्या बायकांची प्रेमप्रकरणे पाहून राज्यकर्त्यांची अब्रू जाते, ही ओरड मात्र इंग्लंडपर्यंत पोचली. १९२७ मध्ये दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिच्यामागे हीही एक चिंता होती. साम्राज्याची अब्रूसुद्धा शेवटी बाईच्याच पदरात बांधलेली!

सर्वच मूकपट या साच्यातले नव्हते. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यातली द्रौपदी दासीच्या वेषात राजवाड्यात राबते आहे, राजाचा मेहुणा तिच्या मागे लागला आहे आणि पाच नवरे आपापली सोंगे सांभाळीत गप्प आहेत. ती रडत बसत नाही. भीमाकडे जाते, जाब मागते आणि कीचक मारला जातो. ते दृश्य इतके प्रखर होते की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोहियांनी सावित्रीपेक्षा द्रौपदीला भारतीय स्त्रीचा आदर्श मानले, ते याच कारणासाठी : ती प्रश्न विचारते, वाद घालते, भर सभेत न्याय मागते. या चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या भोवतालच्या लोकांनी वाळीत टाकल्यासारखे वागवले, हेही याच इतिहासाचे पान आहे.

बाबुरावांचाच १९२५ चा ‘सावकारी पाश’ मात्र पतिव्रता आणि कुलटा यांच्या पलीकडे गेला. ना. ह. आपटे यांची कथा आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटतो, जमीन जाते, शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. अंधारातली झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले. येथे संसार मोडायला नर्तकी लागत नाही, कर्ज पुरते. हिंदुस्थानात त्या वर्षांत किती नवरे नर्तकींकडे गेले आणि किती गिरण्यांकडे, चहाच्या मळ्यांकडे, खाणींकडे गेले, याचा विचार केला तर ‘नवरे का बहकतात’ या प्रश्नाचे निराळेच उत्तर हाती येते. तो चित्रपट पुराणपटांइतका चालला नाही. लोकांनी आपली झोपडी पाहायला तिकीट काढावे ही अपेक्षाही कदाचित जास्तीची होती.

तरीही एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण ही चूक पुष्कळदा आपल्याच माणसांकडून होते. दारिद्र्य हे कारण सांगितले की पुरुष सुटला, असे नव्हे. धानाचा हंगाम संपल्यावर कामाला बाहेर गेलेला माणूस तेथेच दुसरे घर करतो, आणि येथे त्याची बायको सट्टेदाराकडून पानतंबाखू आणून बिड्या वळते, छाट निघालेल्या बिड्यांचा तोटा सोसते, त्याच्या आईला दवाखान्यात नेते आणि त्याच्याच नावाचे कुंकू लावते. दोघेही सारखेच गरीब. एकाच्या गरिबीतून वाट फुटते, दुसरीच्या गरिबीतून फुटत नाही. १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रासमोर उघडपणे आला. विधवेला समाजात निदान नाव तरी आहे. टाकलेल्या बाईला नावही नाही, हे तेथे दिसले. समाजवादी कार्यकर्त्यांच्या घरांतही अशा बायका होत्या, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

२००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या. नवराबायकोचे भांडण समितीपुढे येते तेव्हा काय घडते, ते येथील पुष्कळांनी पाहिले आहे. सतरंजीवर पुरुष बसलेले असतात. बाई भिंतीशी उभी असते. पहिला प्रश्न तिला विचारला जातो : बाई, तू असे काय केलेस की तो निघून गेला? विचारणारा वाईट माणूस असतो असे नाही. त्याला संसार जोडायचा असतो. पण तो प्रश्न ‘गुणसुंदरी’च्या जाहिरातीवरचा आहे, शंभर वर्षांचा जुना. मग समजूत घालून तिला परत पाठवले जाते, नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, चहा होतो आणि तंटा मिटल्याची नोंद वहीत पडते. तिच्या पोटगीची नोंद पडत नाही. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याखाली अर्ज करता येतो, हे सतरंजीवरचा कोणी सांगत नाही आणि कित्येकदा त्यालाही ते माहीत नसते.

येत्या मंडईत नाटके होतीलच. कंपन्यांचे लेखक याच मुलखातले आहेत, गावकरी त्यांना ओळखतात आणि नाटक ठरवण्याच्या बैठकीत आपले कार्यकर्तेही असतात. अखेरच्या अंकात परत आलेल्या नवऱ्याला बायकोने दारातच थांबवले आणि इतकी वर्षे कोठे होतास, घरी काय पाठवलेस, असे विचारले, तर रात्री दोन वाजता झोपेला आलेला मांडव जागा होतो की उठून जातो, हे एकदा पाहता येईल.